सुट्टीतील एक फेरी आणि दहा छायाचित्रे
(केंद्रातील प्राथमिक शिक्षकांच्या शिक्षण परिषदेत केलेले भाषण)



आजच्या परिषदेत मी एखादा विद्वत्तापूर्ण निबंध वाचावा अशी कोणाची अपेक्षा असल्यास प्रारंभीच त्यांची क्षमा मागतो. मला सांगावयाची आहे ती दिवाळीच्या सुट्टीतील एका सकाळची हकीकत. ही हकीकत एका परीने माझ्या चुकीचीही आहे. आपली चूक चारचौघांत सांगणे अवघड खरेच. परंतु आपण सर्वजण एकाच व्यवसायातील माणसे आहोत आणि ती चूक माझ्या एकट्याचीच असेल असे मला वाटत नाही, म्हणून हे धाडस करीत आहे.

नोकरीच्या पहिल्या बारा-तेरा वर्षांत मला पुष्कळ सुचत असे. मुलांसाठी लहान नाट्यछटा लिहाव्या, स्नेहसंमेलनाची गाणी रचावी, रंगीत खडूंनी रोजचा फलक सजवावा, वर्षाकाठी शाळेचे एक हस्तलिखित काढावे, या उद्योगांत माझा वेळ आनंदाने जाई. पुढे केव्हा कोण जाणे, हे सारे हळूहळू थांबले. फलकावर सुविचार येत राहिला, पण तो पुस्तकातून उतरवलेला. स्नेहसंमेलनही होत राहिले, पण गाणी ध्वनिमुद्रित. कोणी विचारलेच तर मी कामाचा बोजा पुढे करीत असे. तक्ते, अहवाल, ऑनलाइन भरावयाची माहिती हे कारण खोटे नव्हते. तथापि ते पुरेसेही नव्हते. कारण सुट्टीत, हाती काही काम नसतानाही, मला काहीच सुचत नसे. कोरा कागद पुढे घेऊन बसावे आणि चहा थंड झाला म्हणून उठावे, असा क्रम झाला होता. अंगातील झरा आटला, वय झाले, असे मी मनाशी ठरवून टाकले होते.

गेल्या वर्षी प्रथम सत्र संपण्याच्या आदल्या दिवशी वर्गातील कपाट आवरीत असता त्यापूर्वीच्या वर्षाच्या निबंधवह्यांचा गठ्ठा हाती लागला. आपल्या भागात ऊसतोडणीच्या टोळ्या येतात हे आपण जाणताच. त्या टोळीतील एक मुलगी त्या वर्षी काही महिने माझ्या वर्गात बसत होती. तिची वही त्यात होती. निबंधाचा विषय ‘माझी दिवाळी’. दरवर्षीप्रमाणे मी फळ्यावर मुद्दे लिहून दिले होते: अभ्यंगस्नान, आकाशकंदील, फराळ, किल्ला, भाऊबीज. वर्गातील सर्व वह्यांत एकच दिवाळी होती. जणू सर्व मुले एकाच घरात राहत होती. या एका वहीत मात्र तीनच वाक्ये होती. “आमची दिवाळी ट्रॅक्टरमध्ये झाली. रात्री लई थंडी होती. आईने पणती लावली, पण वाऱ्याने राहिली नाही.” त्या तीन वाक्यांवर माझ्या हातची तांबडी रेघ होती, आणि खाली माझ्याच वळणदार अक्षरात शेरा होता: “मुद्द्यांना धरून लिही.”

बंधुभगिनींनो, मी ती वही कितीतरी वेळ हातात धरून उभा राहिलो. साऱ्या गठ्ठ्यात पाहून लिहिलेले असे काही होते ते त्या तीन वाक्यांतच होते, आणि नेमके तेच मी खोडले होते. गळीत हंगाम संपल्यावर ती टोळी गावाकडे परतली होती. तेव्हा चूक दुरुस्त करण्यास मुलगी समोर नव्हती. वही पिशवीत घालून मी घरी आलो.

मी वाईत गणपती आळीत राहतो आणि शाळेसाठी जवळच्या गावी जातो, हे आपणांपैकी पुष्कळांना ठाऊक आहे. भाऊबीजेसाठी बहीण आली, तिच्याबरोबर पुण्यात शिकणारा भाचाही आला. तो म्हणाला, “मामा, पुण्यात आम्ही चार-पाच मित्र सुट्टीच्या दिवशी एकेक पेठ पायी हिंडतो आणि फोटो काढतो. इथेही जाऊ या का?” मी हसलो. ज्या आळीत माझी इतकी वर्षे गेली तीत पाहण्याजोगे काय उरले आहे, असे मला वाटले. परंतु पाहुण्या मुलाचे मन मोडू नये म्हणून निघालो. शेजारची चौथीतील मुलगी आणि तिचा पाच वर्षांचा भाऊ हेही मागे लागले. भाच्याने नियम घातला: चौघांत भ्रमणध्वनी एकच, छायाचित्रे सर्व मिळून दहाच, आणि काढलेले पुसावयाचे नाही.

पहिली तीन छायाचित्रे मी घेतली. एक दारावरील आकाशकंदिलाचे, दुसरे ढोल्या गणपतीच्या देवळाचे समोरून, तिसरे मुलांनी केलेल्या किल्ल्याचे, उभ्यानेच घेतलेले. तिन्ही स्वच्छ आणि नीटनेटकी होती. पण पाहता पाहता ध्यानात आले की, ही छायाचित्रे मी पूर्वीच पाहिली आहेत. दिनदर्शिकेवर, शुभेच्छापत्रांवर आणि इतरांच्या भ्रमणध्वनीवर. माझ्या फळ्यावरच्या मुद्द्यांसारखीच होती ती.

चौथे छायाचित्र शेजारच्या मुलीचे. ती आम्हांला सोडून देवळाच्या मागच्या अंगाला गेली आणि तेथून ओरडली, “गुरुजी, देऊळ मागून माशासारखं आहे!” हे देऊळ गणपतराव रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधले. ते कृष्णेच्या अगदी काठावर असल्याने पुराच्या पाण्याचा लोंढा भिंतीवर सरळ न आदळता दोन्ही अंगांनी दुभंगून जावा, या हेतूने मागील भिंत मत्स्याकार केलेली आहे. हे मी वाचले होते. पाहुण्यांना सांगितलेही होते. पण त्या भिंतीला हात लावून तिचा बाक मी कधी अनुभवला नव्हता. मुलीने दोन्ही तळवे भिंतीवर टेकले, भिंतीच्या दोन्ही बाजूंनी चालून पाहिले आणि विचारले, “म्हणजे पाणी असं फाटत असणार?” घाटावर धुणे धूत असलेल्या एका आजींनी तेथूनच उत्तर दिले, “फाटतंय की! आम्ही बघितलंय. पण गुरुजी, तुम्ही देवाचा सोडून भिंतीचा फोटू कशाला काढताय?” देवाचा सर्वजण काढतात, पण देवाला इतकी वर्षे पुरातून वाचविणारी ही भिंत आहे, असे काहीतरी मी बोलून गेलो; आणि पुष्कळ वर्षांनी आपण पाठ न केलेले एक वाक्य बोललो, याचे माझे मलाच नवल वाटले.

पाचवे छायाचित्र कवडशांचे. परत येताना एका जुन्या वाड्याच्या सोप्यात क्षणभर टेकलो. कौलांच्या फटींतून ऊन आत येत होते आणि जमिनीवर प्रकाशाचे लहान लहान ठिपके पडले होते. भाचा म्हणाला, “मामा, फटी वाकड्यातिकड्या आहेत, मग ठिपके गोल कसे?” वीस वर्षे मी मुलांना प्रकाशाचे पाठ शिकवीत आहे, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. त्याचे उत्तर असे की, फट पुरेशी लहान आणि जमिनीपासून पुरेशी दूर असली, म्हणजे जमिनीवर पडतो तो फटीचा आकार नसून सूर्याची प्रतिमा असते. सूर्य गोल, म्हणून कवडसा गोल. ऊन तिरपे असले तर थोडा लांबट. याच तत्त्वावर अंधाऱ्या खोलीत बारीक छिद्रातून बाहेरच्या दृश्याची उलटी प्रतिमा पडते, आणि त्या अंधाऱ्या खोलीचीच लहान होत होत छायाचित्रणाची पेटी झाली. प्रतिमा कायम उमटवून ठेवण्याची दागेर यांची कृती १८३९ मध्ये पॅरिसला जाहीर झाली. पुढे १८५४ मध्येच मुंबईत छायाचित्रकारांचे मंडळ स्थापन झाले, आणि डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधू नारायण दाजी यांनी या नव्या कलेत रस घेतला. हा इतिहास मला ठाऊक होता. पण ज्या कॅमेऱ्यात आपण रोज ऊठबस करतो, तो कौलारू कॅमेरा माझ्या दृष्टीस पडला नव्हता. सूर्याला ग्रहण लागले की असले सर्व कवडसे कोरीसारखे होतात. २६ डिसेंबर २०१९ च्या सूर्यग्रहणात ते आपल्या शाळांच्या व्हरांड्यांतही तसे पडले असतील. मी मात्र त्या दिवशी जमिनीकडे पाहिले नाही.

सहावे आणि सातवे छायाचित्र पाच वर्षांच्या मुलाने घेतले. त्याच्या उंचीवरून त्याला जे दिसते ते आम्हां मोठ्यांना दिसत नाही. त्याने एका घराचा उंबरठा टिपला. पिढ्यान्‌पिढ्यांच्या पावलांनी तो मधोमध झिजून खोलगट झाला होता. नंतर तो किल्ल्यापुढे जमिनीवर पोट टेकून आडवा झाला. मी उभ्याने घेतलेल्या छायाचित्रात तो किल्ला मातीचा ढिगारा दिसत होता. त्याच्या छायाचित्रात तोच किल्ला गगनाला भिडला होता, पायथ्याच्या अळिवाचे अरण्य झाले होते आणि बुरुजामागे खराखुरा डोंगर उभा होता. वस्तू तीच, फरक फक्त पाहणाराच्या जागेचा. आठवे छायाचित्र हलले आणि नवव्याच्या कोपऱ्यात भाच्याचे बोट आले. पुसावयाचे नाही असा नियम असल्याने ती दोन्ही राहिली.

एक शिल्लक होते. ते कशावर खर्चावे याचा विचार करीतच घरी पोहोचलो. बहीण ओवाळण्यासाठी दारात खोळंबली होती. तिच्या हातात तबक होते, नदीकडून वारा येत होता, आणि निरांजनाची ज्योत विझू नये म्हणून तिने दुसऱ्या हाताचा तळवा आडवा धरला होता. ज्योतीच्या उजेडाने तिची बोटे आतून तांबूस दिसत होती. भाच्याने ते दहावे छायाचित्र घेतले. त्याच क्षणी मला त्या वहीतील वाक्य आठवले: “आईने पणती लावली, पण वाऱ्याने राहिली नाही.” धावत्या ट्रॅक्टरमध्ये त्या माउलीनेही असाच तळवा आडवा धरला असेल. त्या तीन वाक्यांत एवढे सारे होते; मला ते दिसले नव्हते. मी शब्द तपासले होते, पणती पाहिली नव्हती.

त्या रात्री मी दहाही छायाचित्रे पुन्हा पाहिली आणि प्रत्येकाखाली एकेक वाक्य लिहिले. दहाव्यापाशी एका वाक्यावर थांबता येईना. पहाटेपर्यंत एक लहानशी नाट्यछटा लिहून झाली. ती फार चांगली आहे असे नाही. परंतु सहा वर्षांनी लिहिलेली ती माझी पहिली ओळ होती, आणि झरा आटला नव्हता, केवळ त्यावर पाचोळा साचला होता, हे मला कळले.

हे कशाने झाले याचा मी पुढे विचार केला. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त काव्याची कारणे सांगताना शक्ती, निपुणता आणि अभ्यास यांचा निर्देश केला आहे. शक्ती जन्माची; तिच्यावर आपला अधिकार नाही. पण निपुणता कशाने येते हे सांगताना तो लोक, शास्त्र आणि काव्य यांच्या अवलोकनाने ती येते असे म्हणतो, आणि या तिहींत ‘लोक’ प्रथम ठेवतो. लोक म्हणजे भोवतालचे चराचर जग. आपण शिक्षक शास्त्र वाचतो, काव्य शिकवितो; पहिली पायरीच तेवढी गाळतो. स्फूर्ती आली म्हणजे पाहू, असे आपण म्हणत बसतो. वस्तुतः पाहू लागल्याखेरीज स्फूर्ती येत नाही.

या संदर्भात आंद्रे केर्तेस या थोर छायाचित्रकाराचे उदाहरण मला मोलाचे वाटते. हा बुडापेस्टमध्ये १८९४ साली जन्मलेला गृहस्थ पुढे पॅरिसला व नंतर न्यूयॉर्कला गेला. १९७७ मध्ये त्याची पत्नी निवर्तली. वय ऐंशीच्या पुढे, घर रिकामे. तेव्हा त्याने एक लहान, तत्काळ चित्र देणारा पोलरॉइड कॅमेरा हाती घेतला आणि आपल्याच घराच्या खिडकीपाशी ठेवलेल्या काचेच्या वस्तूंची छायाचित्रे घेण्यास प्रारंभ केला. दुकानात दिसलेला काचेचा एक लहान अर्धपुतळा त्याला पत्नीची आठवण देई. तो त्याने खिडकीत ठेवला आणि निरनिराळ्या वेळच्या उजेडात पुनःपुन्हा टिपला. त्या छायाचित्रांचे पुस्तक १९८१ मध्ये प्रसिद्ध झाले. जग पाहिलेल्या माणसाला उतारवयात पुन्हा उभे केले ते एका खिडकीने. मग आपणांस आपली आळी, आपली वाडी, आपल्या शाळेचे आवार का पुरू नये?

आणि दुसरी गोष्ट मर्यादेची. छायाचित्रे दहाच, हा नियम नसता तर मी त्या सकाळी शंभर घेतली असती आणि एकही पाहिले नसते. चौकट छोटी असली की काय घ्यावे आणि काय सोडावे याचा निर्णय करावा लागतो. हा निर्णय म्हणजेच रचनेचा आरंभ.

सुट्टीनंतर मी ‘माझी दिवाळी’ हा विषय दिला, पण फळा कोरा ठेवला. सुट्टीत स्वतः पाहिलेली एकच गोष्ट लिहा, एवढेच सांगितले. प्रथम वर्ग गोंधळला. “गुरुजी, मुद्दे?” असे चार वेळा विचारून झाले. मग एकाने लिहिले की, आजोबांना करंजी चावत नाही म्हणून आजी ती दुधात बुडवून देते. एका मुलीने लिहिले, फटाक्यांनी कुत्री चुलीमागे जाऊन बसली आणि दोन दिवस जेवली नाही. शुद्धलेखनाच्या चुका होत्या. त्या मी पेन्सिलीने बारीक अक्षरात दाखविल्या. तांबडी शाई मी आता निबंधाला वापरीत नाही. सर्व मुले लेखक झाली असे मी म्हणणार नाही. परंतु प्रत्येक वहीत निराळे घर दिसू लागले, एवढे मात्र खरे.

आपणांपैकी ज्यांना असा प्रयोग करावासा वाटेल त्यांच्यासाठी अनुभवाच्या चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट, कॅमेरा अत्यावश्यक नाही. जुन्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याला आगपेटीएवढी खिडकी कापावी आणि प्रत्येक मुलाच्या हाती ती चौकट द्यावी. एक डोळा मिटून चौकट पुढे-मागे केली म्हणजे दृश्य कसे निवडावे हे मूल आपोआप शिकते. मग पाहिलेले चित्र वहीत काढावे व खाली एक वाक्य लिहावे. आपल्या अभ्यासक्रमात विषयाचे नावच ‘परिसर अभ्यास’ आहे. तो परिसर पुस्तकातच राहू नये. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डी येथे १९४५ मध्ये जे बालशिक्षणाचे कार्य आरंभिले, त्यात पाने, बिया, शिंपले, खडे हीच साधने होती. जवळचे ते साधन, हा धडा त्यांनीच आपणांस घालून दिला आहे.

दुसरी गोष्ट, फेरी सकाळी किंवा उतरत्या उन्हात काढावी. त्या वेळी सावल्या लांब असतात आणि भिंतीचा खडबडीतपणा, दगडावरील टाकीचे घाव स्पष्ट दिसतात. भर दुपारी सारे सपाट दिसते.

तिसरी गोष्ट सौजन्याची व सावधगिरीची. माणसाचे छायाचित्र त्याला विचारल्यावाचून घेऊ नये. हे मुलांना आरंभीच शिकवावे. मुलांची छायाचित्रे व्हॉट्सॲपवरील गटांत पाठवू नयेत. नदी, विहीर, रस्ता यांच्याजवळ मुलांबरोबर मोठे माणूस असावेच.

चौथी आणि महत्त्वाची गोष्ट, या कामाला गुण देऊ नयेत, स्पर्धा लावू नये आणि त्याचा अहवालही मागू नये. हललेले चित्र व कोपऱ्यातील बोटही भिंतीवर लावावे. आणि शिक्षकाने स्वतः आपले एक चित्र मुलांच्या चित्रांत टांगावे. आपण पाहत नसू तर मुलांना ‘पाहा’ असे सांगण्याचा अधिकार आपणांस उरत नाही.

यंदाही ऊसतोडणीच्या टोळ्या येतील. त्यांची मुले आपल्या वर्गात मागच्या रांगेत येऊन बसतील. ती मुलगी त्यांत असेल अशी आशा मी धरतो. पण ती कोणत्या गावी, कोणत्या कारखान्याच्या वाटेवर असेल, कोणी सांगावे! कदाचित आपणांपैकीच कोणाच्या वर्गात असेल. तसे असल्यास एक विनंती आहे. तिने तीनच वाक्ये लिहिली तर ती सावकाश वाचा. तिची वही मी जपून ठेवली आहे. माझी तांबडी रेघ मी खोडलेली नाही, कारण ती मला रोज दिसली पाहिजे. पण त्या शेऱ्याखाली मी निळ्या शाईने दुसरा शेरा लिहिला आहे: “छान पाहिलेस.” तो तिच्यापर्यंत पोहोचविण्याचे काम मी आपणां सर्वांवर सोपवितो.